ग्रेडरचा हात

बेटा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं हातानं लिहून आता कोण पाठवतं? काकूंनी दोनदा वाचलं, मग माझ्या हाती दिलं. नोकरी लागली हे वाचून बरं वाटलं आणि संस्थेच्या वाचनवर्गांचं मूल्यमापन एकट्या तुझ्या गळ्यात घातलंय हे वाचून थोडी काळजीही वाटली. तू लिहितेस, टेबलावर तीन पुस्तकं पडली आहेत, एक वैद्यकीय चाचण्यांचं, एक बोलींच्या सर्वेक्षणाचं, एक शालेय मूल्यमापनाचं. तिघांची भाषा तीन तऱ्हांची. गुरुजी, यातलं कोणतं धरू नि कोणतं सोडू?

सांगतो. पण आधी परवाचं ऐक. माझी सवय तुला माहीतच आहे.

परवा धाकट्याबरोबर कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो होतो. एकाच वावरातला, एकाच वेच्याचा कापूस, फक्त दोन खेपांत नेला. ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, आला, ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर कापूस बाहेर काढला, एका सरकीचे तंतू दोन्ही अंगठ्यांत धरून ओढले, उजेडात पाहिले आणि ग्रेड बोलला. जेवणानंतर दुसरी खेप आली. तोच माणूस, तोच हात, आणि ग्रेड एक पायरी खाली. ओलाव्याचं यंत्र दोन्ही वेळा अकराच दाखवत होतं, आणि बारा टक्क्यांपर्यंत चालतं हे आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. धाकटा भांडायला निघाला. मी त्या ग्रेडरच्या हाताकडे पाहत बसलो. तो लबाड होता असं मला वाटलं नाही. सकाळपासून किती ट्रॉल्यांत हात घातला असेल त्यानं. पण हीच मूठ दुसऱ्या ग्रेडरला, पहिला काय बोलला ते न सांगता, दाखवली तर तो काय म्हणेल, हे तिथं कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

तुझी तिन्ही पुस्तकं त्या एका मुठीपाशी येऊन मिळतात. रोगी मोजायचा असो, बोली मोजायची असो की पोरांचं वाचन, आधी मोजणाऱ्याला मोजावं लागतं. बाकीचं सगळं त्यानंतर.

काकू उपकेंद्रावर नर्स होत्या तेव्हाचं सांगतो. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायचे असतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४०. त्या आकड्यावर गेलं की श्वास जलद धरायचा. वाचायला सोपं आहे. एका संध्याकाळी आठ महिन्यांचं एक पोर आणलं. नव्या सेविकेनं मोजले ४६. काकूंनी मोजले ५४. मधे ५० ची रेघ. एकीच्या आकड्यानं पोर घरी जातं, दुसरीच्या आकड्यानं औषध सुरू होतं. खोटं कोणीच बोललेलं नव्हतं. सेविकेनं अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली होती, म्हणजे दोन श्वास हुकले की हिशोबात चार हुकतात. आणि काकू मोजत होत्या तेव्हा पोर आईच्या अंगावर पीत होतं. शांत झाल्यावर, पोटावरचा कपडा वर करून, पूर्ण मिनिट दोघींनी एकाच वेळी मनात मोजलं, तोंडानं आकडा न काढता कागदावर लिहिला. ५१ आणि ५२. तेव्हा कुठं औषध काढलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं हाच प्रश्न फार हुशारीनं सोडवला. ज्या दाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनी पन्नास-साठपर्यंत कसं मोजावं? म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेली पाटी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपली की किती मणी सरकले ते पाहायचं. दाई तीच, डोळे तेच. माप मात्र तिच्या हाताला बसेल असं केलं. तू चाचणीचा कागद तयार करशील तेव्हा तो तपासनिसाच्या हाताला बसतो का, हे आधी बघ.

आणखी एक काकूंचंच. गावात बाळ गेलं की लोक म्हणत, “मेलंच झालं.” नोंदवहीत ते मृतजन्म म्हणून जायचं, बालमृत्यूत धरलं जायचं नाही. काकू ओसरीवर बसायच्या, चहा घ्यायच्या, आणि मग हळूच विचारायच्या, “रडलं होतं का?” पुष्कळदा उत्तर यायचं, “हो, एकदा रडलं होतं.” म्हणजे जन्मलं होतं. एका प्रश्नानं रकाना बदलायचा. हा प्रश्न छापील फॉर्मवर होता की नाही मला आठवत नाही, पण त्यांच्या जिभेवर होता.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. गुण कागदावर न लिहिता वहीत टिपायची माझी सवय होती. एका वर्षी सातवीच्या निबंधांचा गठ्ठा तपासून फळीवर ठेवला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तोच गठ्ठा तपासायचा राहिला समजून पुन्हा तपासला. वहीत उतरवायला गेलो तर शेजारच्या पानावर जुने गुण. एका पोराला आधी दहापैकी चार दिले होते, आता सात. पोर तेच, निबंध तोच. पहिल्यांदा लोडशेडिंगमध्ये, रात्री, तीसेक निबंधांनंतर त्याचा कागद हाती आला होता एवढंच. सुट्टीत सकाळी तो पहिलाच होता. त्या दिवसापासून मी दर गठ्ठ्यातले पाच कागद मागून काढून पुन्हा तपासायचो, आणि नावाची बाजू दुमडून ठेवायचो. आडनाव वाचलं की हात सैल सुटतो किंवा आखडतो. माझाही सुटायचा.

वैद्यकवाल्यांनी ही दुमडलेली बाजू फार आधी गंभीरपणे घेतली. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. १०७ रोगी होते. ५५ जणांना औषध आणि अंथरुणातली विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. कोणाला काय, हे बंद पाकिटातून ठरायचं. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ गेले, बिनऔषधाच्यांतले १४. हे बहुतेक पुस्तकांत मिळेल. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. छातीचे एक्स-रे तिघांनी स्वतंत्रपणे पाहिले, आणि फोटो औषधवाल्याचा की बिनऔषधाच्याचा हे तिघांनाही माहीत नव्हतं. माझी दुमडलेली बाजूच ती!

आता तुझ्या कामाकडे येऊ. २००५ पासून ‘असर’ हे पोरांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण घरोघर जाऊन होतं, त्याची वाचनाची पायरी तुला ठाऊक आहे: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करायची, जमलं तर गोष्ट द्यायची, नाही जमलं तर शब्दांवर यायचं. परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात. साधं, स्वस्त, दहा मिनिटांचं काम. मला ही पद्धत आवडते. पण तिसरीतल्या एका पोरानं एकदा मला अडवलं. त्याच्यापुढे मी माझाच एक कागद धरला होता. त्यावर होतं: “आईनं मला केळं दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.” पोरानं बोट ठेवून, न अडखळता वाचलं: “आईनं मले केयं देल्लं. माह्या डोयात पानी आलं.”

माझी पेन्सिल चालूच होती. मला, केळं, दिलं, माझ्या, डोळ्यांत, पाणी. सहा चुका. नापास.

त्याच्यानंतर बसलेल्या पोरीनं पाढे म्हणावेत तसं सगळं अक्षर न् अक्षर वाचलं. एकही चूक नाही. मी विचारलं, “केळं कोणी दिलं गं?” ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

घरी येऊन पेन्सिलीच्या त्या खुणा पाहिल्या तेव्हा लाज वाटली. छापील ‘मला’ पाहून ‘मले’ म्हणणाऱ्या पोराच्या डोक्यात शब्दाचा अर्थ पोचलेला असतो, त्याशिवाय घरची बोली तोंडात येतच नाही. मी वाचन मोजतोय असं समजत होतो, मोजत होतो प्रमाणभाषेचा उच्चार. तुझा नियम तू ठरव, माझा असा: घरच्या बोलीचा उच्चार ही चूक धरायची नाही. शब्द गाळला, वेगळ्याच अर्थाचा शब्द घातला, पाच सेकंदांहून जास्त थांबला, तर चूक. आणि शेवटी अर्थाचे दोन प्रश्न, त्यांचे गुण वेगळ्या रकान्यात. तुला हा नियम सैल वाटला तर घट्ट कर. पण पहिलं पोर बसायच्या आधी तो कागदावर असला पाहिजे, आणि सगळ्या तपासनिसांकडे तोच असला पाहिजे.

कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाशील तेव्हा आणखी जप. तिथं घरात कोलामी बोलतात आणि ती मराठीची बोली नाही, द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तिथल्या पोराला मराठी सूचनाच कळली नाही तर ते गप्प बसेल, आणि तू लिहिशील ‘अक्षर ओळखत नाही’. सूचना कोलामीतून देणारं माणूस सोबत ने.

तुझ्या मैत्रिणीला हे पत्र दाखव, ती यंत्राला वऱ्हाडी ऐकून लिहायला शिकवते म्हणतेस ना. त्यांच्यात चुकांचं प्रमाण काढताना बदललेले, गाळलेले आणि जास्तीचे घातलेले शब्द मोजतात आणि मूळ लिखाणातल्या शब्दसंख्येनं भागतात. मूळ लिखाण कोणी केलं ते तिला विचार. बसून ऐकणाऱ्यानं सवयीनं ‘डोळ्यात’ लिहिलं असेल आणि यंत्रानं ऐकलं तसं ‘डोयात’ लिहिलं, तर खरं ऐकणारं यंत्र चुकलेलं ठरेल. तिची पेन्सिलही माझ्यासारखीच चालत असणार.

आता थोडं गणित. दोन तपासनीस एकच शंभर पोरं वेगवेगळी बसवून तपासतात असं धर. ८० पोरांबाबत दोघांचं जुळलं, २० बाबत नाही. अहवालात ‘८० टक्के सहमती’ असं झोकात लिहिता येईल. लिहू नकोस. दोघांनीही ८५-८५ पोरांना ‘येतं’ म्हटलं असेल तर डोळे मिटून खुणा केल्या तरी किती जुळलं असतं बघ. दोघांचं ‘येतं’ योगायोगानं जुळायचं प्रमाण ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ७२ टक्के. ‘येत नाही’ जुळायचं ०.१५ गुणिले ०.१५, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर थोडं. एकूण साडेचौऱ्याहत्तर टक्के तर फुकटातच. उरलेल्या साडेपंचवीसपैकी तुम्ही खरोखर कमावले साडेपाच. भागाकार कर, ०.२२ येतो. याला कोहेनचा कॅपा म्हणतात, जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली मांडला. पूर्ण जुळलं तर १, निव्वळ योगायोग असेल तर शून्य. तुझ्या तिन्ही पुस्तकांत तो सापडेल: दोन डॉक्टर एक एक्स-रे पाहतात तिथं, दोन अभ्यासक एका वाक्याला व्याकरणाची खूण लावतात तिथं, दोन परीक्षक एक निबंध तपासतात तिथं. तू विचारलंस ना, धरू काय? हा धर. आणि ज्या वीस पोरांवर भांडण झालं त्यांचे कागद घेऊन दोघांना समोरासमोर बसव. नियमात भोक कुठं आहे ते त्या वीस कागदांतच असतं.

भाषावाल्यांकडून एक गोष्ट मात्र घ्यावीच लागेल, ती बाकी दोघांकडे फारशी नाही. मोजायला गेलेल्या माणसामुळे मोजायची वस्तूच बदलते, याची जाण त्यांना आहे. इंग्रज राजवटीतल्या ग्रिअर्सन या अधिकाऱ्याच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीचे नमुने आहेत. पण मुख्य नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या पोराची गोष्ट भाषांतर करून घेत. भाषांतर करून देणारा माणूस शिकलेला, मागणारं सरकार. अशा वेळी जीभ सदरा घालूनच येते. मीही एकदा फोन घेऊन गावातल्या बुढीकडे बोली गोळा करायला गेलो होतो. “आजी, याला काय म्हणता?” म्हणून लोटा दाखवला. म्हणाली, “पाणी.” स्वच्छ, ‘ण’ ठणठणीत. माझ्या शाळेत तिचे दोन नातू होते ना! तेवढ्यात बकरी हौदात तोंड घालायला गेली. “अवं पोट्टे, हाकल तिले, पानी उष्टं करते!” माझा फोन तोवर बंद झालेला.

अमेरिकेतल्या विल्यम लबॉव्ह या भाषाअभ्यासकानं १९६२ साली यावर छान तोड काढली. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत जाऊन, चौथ्या मजल्यावर मिळते हे आधीच माहीत असलेली वस्तू कुठं आहे असं नोकरांना विचारायचा. ते म्हणत, ‘फोर्थ फ्लोअर’. ऐकू आलं नाही असं दाखवून तो पुन्हा विचारायचा, मग ते जरा जपून बोलत. त्यांच्या नजरेआड जाऊन ‘र’ उच्चारला की नाही ते टिपायचा. नोकरांना आपली बोली मोजली जातेय हे कळतच नव्हतं. तुझ्या वर्गावर साहेबांबरोबर गाडीतून उतरशील त्या दिवशी शिकवणारी ताई वेगळंच शिकवेल. चार वेळा जा, पायी जा, मागं बस. चौथ्या दिवशीचं टिपण खरं.

शाळावाल्यांकडून काय घ्यायचं? खरं सांगू, सावधपणा. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिकता शिकता करायचं ते आकारिक, सत्राअखेरचं ते संकलित, आणि प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी. कल्पना सोन्यासारखी होती. पण काही दिवसांत नोंदींची तयार यादी बाजारात मिळू लागली, आणि सत्राच्या शेवटी दोन रात्रीत वर्गभर नोंदी उतरल्या जाऊ लागल्या. मीही उतरवल्या. ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे मी अशा पोराबद्दल लिहिलं आहे जे वेचणीमुळे महिनाभर शाळेत आलंच नव्हतं.

वेचणीवरून आठवलं. तुझी दुसरी चाचणी नोव्हेंबरात ठेवलीस असं लिहितेस. हलव. नोव्हेंबरात आपली अर्धी पोरं पऱ्हाटीत असतात, तांड्यावरची काही ऊसतोडीला गेलेली असतात. शाळेत उरतात ती नेमानं येणारी. त्यांचंच वाचन मोजशील आणि वर्गांमुळे सुधारणा झाली म्हणशील. आणि ऑगस्टच्या चाचणीत सगळ्यात कच्ची निघालेली वीस पोरं निवडून त्यांच्यावर वर्ग घेतला, तर पुढच्या चाचणीत ती थोडी वर येणारच, वर्ग घे नाहीतर नको घेऊ. त्यातल्या कोणाला त्या दिवशी ताप होता, कोणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झालं होतं. वाईट दिवसानंतर बरा दिवस येतो. ताप शिखरावर असताना औषध दिलं की कोणताही डॉक्टर देव होतो, तसंच हे.

म्हणून तुलनेला वर्ग नसलेली गावं लागतात. तुझ्या संस्थेला यंदा वीसपैकी दहाच गावांत वर्ग सुरू करायचे आहेत, मग कोणती दहा हे कार्यकर्त्यांना ठरवू देऊ नकोस. ते रस्त्यावरची, उत्साही सरपंचांची गावं घेतील. आपल्या वावरात एका धुऱ्याकडे काळी असते, दुसऱ्याकडे बरड. नवं बियाणं काळीत पेरलं आणि जुनं बरडात, तर शेजारीही हसेल. चिठ्ठ्या टाक. स्ट्रेप्टोमायसिनही सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं, म्हणूनच पाकिटं काढणं कोणाला अन्याय वाटलं नाही. गडचिरोलीतला नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग चिठ्ठ्यांचा नव्हता, तरी ३९ गावांत काळजी आणि ४७ गावं तुलनेला होती. काळजीच्या गावांत हजारी ६२ बालकं पहिल्या महिन्यात जायची, ती साडेपंचवीसवर आली. तुलनेच्या गावांत आकडा ५८ चा ६० झाला. ती ४७ गावं नसती तर रस्ते झाले, पाऊस चांगला झाला, असं म्हणायला कोणीही मोकळं होतं. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे आशाताई घरोघर जाऊ लागल्या त्याच्या मागं हे आकडे होते.

एक राहिलं. तुझ्या चाचणीचा कागद पोराचं प्रगतिपुस्तक नव्हे. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी जी सोल्युबिलिटी चाचणी करतात ती आठव. नळीतलं पाणी गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की होकार. पण गढूळ नळी वाहकाचीही तशीच आणि रोग्याचीही तशीच. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करावीच लागते. आणि नवजात बाळाला ही नळी फसवते. शिबिरात नुसत्या गढूळ नळीवर लग्न मोडलेली काकूंनी पाहिली आहेत. तुझ्या यादीत ‘अक्षर पायरी’ लिहिलेल्या पोराचं नाव शाळेच्या भिंतीवर लागू देऊ नकोस, मुख्याध्यापक मागतील तरी.

बाकी नमुना किती घ्यायचा, सूत्रं कोणती, हे तुझ्या पुस्तकांत माझ्याहून चांगलं आहे. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस काढून ये. तुझा तपासणीचा कागद आण, दुसरी तपासनीस पोरगीही आण. आपल्या शाळेतली वीस पोरं मी सांगून ठेवतो. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसा, संध्याकाळी ओसरीवर कागद समोरासमोर ठेवू, कॅपा मी पाटीवर काढतो. काकू म्हणतात, येताना भाऊलाही घेऊन ये, नवी तूरडाळ निघालेली असेल, थोडी बांधून देईन.

तुझे,
गुरुजी